टाकी नेमकी कुठे गळते?

मैत्रिणींनो, या वेळच्या टपालात लोणची-पापडांची पत्रं बरीच आहेत. त्यांना पुढच्या अंकात उत्तरं देईन. आज सगळी जागा एकाच पत्राला देते आहे. विषय जरा नाक मुरडायला लावणारा आहे, पण नाक मुरडून तो सुटत नाही.

पत्र आहे सोयगावच्या एका वाचक भगिनीचं. त्या लिहितात :

'ताई, आम्ही गावठाणातलं जुनं घर सोडून सहा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधलं. मागच्या अंगणात संडासाची सेफ्टी टाकी आहे. दिवाळीपासून टाकीच्या कडेची जमीन ओलीच राहते, दुपारी वास येतो. शेजारच्या काकूंची विहीर तिथून पंचवीस फुटांवर. त्यांनी परवा सांगितलं की पाण्याला कसंतरीच लागतंय. सासरे म्हणतात, पावसाचा ओलावा आहे, जाईल. हे म्हणतात, टाकी भरली असेल. मिस्त्री म्हणतो, दोन माणसं उतरवून टाकी उपसतो, आतून प्लास्टर मारतो, एका दिवसाचं काम. माझी नणंद बाळंतपणाला आली आहे, सातवा महिना चालू आहे. पाणी आम्हीही त्याच विहिरीचं पितो. कोणाचं ऐकू?'

वहिनी, सध्या तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आणि मिस्त्रीचं तर मुळीच नको. का ते सांगते, पण आधी पाण्याचं बघू या, कारण टाकी आठ दिवस थांबेल, पाणी पिणं थांबत नाही.

आज संध्याकाळपासून त्या विहिरीचं पाणी तुमच्या घरात आणि काकूंच्याही घरात उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये. उकळणं म्हणजे नुसतं कोमट करून उतरवणं नव्हे. पाण्याला खळखळून उकळी फुटली की ती पुरतं एक मिनिट तशीच चालू द्यायची, मग झाकून गार करायचं, आणि ज्या भांड्यात उकळलं त्यातच ठेवायचं. गाळून दुसऱ्या हंड्यात ओतलं आणि त्यात हात बुडवून पेला भरला, की सगळा गॅस फुकट गेला. ओगराळं किंवा तोटीचा पिंप वापरा. दात घासायला, कोशिंबिरीच्या भाज्या धुवायला, ताकात घालायला हेच पाणी. नळाचं पाणी येत असेल तर पिण्यापुरतं ते भरून ठेवा.

एवढी घाई नणंदबाईंसाठी आहे. मैल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की जुलाब, विषमज्वर वगैरे होतात हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच वाटेने येणारी एक कावीळ आहे, 'हिपॅटायटिस ई' म्हणतात तिला. इतरांना ती बहुधा काही आठवड्यांत सोडून जाते. गरोदर बाईला मात्र, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ती फार जड जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे त्या काळात ही कावीळ झालेल्या शंभर बायकांपैकी वीस-पंचवीसपर्यंत दगावू शकतात. १९५५-५६ च्या थंडीत दिल्लीत यमुनेच्या पाण्यात गटाराचं पाणी शिरलं आणि शहरात काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. ती साथ याच रोगाची होती हे पुष्कळ वर्षांनी, साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं. तेव्हाही गरोदर बायकांचेच हाल सर्वांत जास्त झाले होते. तेव्हा नणंदबाईंना मळमळ, अन्नावर वासना नसणं, लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवणारे' आपल्याकडे गावोगाव आहेत. त्या पिवळ्या पाण्याकडे बघत चार दिवस घालवू नका, ते चार दिवस पुन्हा मिळत नाहीत.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्याला वास येत नाही म्हणजे ते चांगलं, असं नसतं. आणि वास येतो म्हणजे ते मैल्याचंच, असंही नाही; विहिरीत पालापाचोळा कुजला तरी वास येतो. म्हणून तपासणी करून घ्या. गावोगावी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतात, तुमच्याकडे नगरपंचायतीत विचारा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये तर प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं असं ठरलेलं आहे. तालुक्यातल्या खेड्यांमधल्या वाचकांनी आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे जरूर शोधावं. एक साधी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून घरातल्या उबेत ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, की मैल्याचा संसर्ग आहे असं धरून चालायचं. ही चाचणी कोणीही करू शकतं. पाणी काळं पडलं तर प्रयोगशाळेत नमुना पाठवून पक्की तपासणी करा आणि नायट्रेटही बघायला सांगा. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की ते थोडं दाटच होतं. बाळंतपणानंतर कदाचित वरचं दूध द्यावं लागलं तर अशा पाण्यात ते मुळीच कालवू नये. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं.

विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली की झालं, असं कोणी म्हणेल. पावडर टाकायचीच; साधारण हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर असा हिशेब असतो. बादलीत तिची पेस्ट करून पाणी घालायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत खाली-वर करायची, आणि तासभर पाणी उपसायचं नाही. पण मैला रोज झिरपत असेल तर क्लोरिन त्या घाणीतच खर्ची पडतो. आज टाकलेली पावडर उद्याच्या पाण्याला पुरत नाही. म्हणून पावडर टाकली तरी गळती सापडेपर्यंत उकळणं सोडू नका.

आता मिस्त्रीकडे वळू.

'दोन माणसं उतरवतो' हे वाक्य जिथे ऐकाल तिथे, तुम्ही घरातली सून असा नाहीतर सासू, पुढे होऊन 'नाही' म्हणा. बंद टाकीत मैला कुजून वायू होतात. मिथेन असतो, तो पेट घेतो. त्याहून वाईट हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असेल तर वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. माणूस म्हणतो, 'आता वास नाही, उतरतो', आणि दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच. वर्तमानपत्रांत या बातम्या सदोदित येतात आणि त्यात नेहमी दोन-तीन नावं एकत्र असतात, ती याच कारणाने. कंदील उतरवून बघणं, फांदी हलवून वायू घालवणं, घोटभर दारू पाजून माणूस उतरवणं, यांतल्या कशानेही माणूस वाचत नाही. कंदिलाने उलट भडका उडू शकतो.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरमालकही यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. पण मी कायद्यासाठी सांगत नाही. जो उतरतो त्याच्याही घरी कोणी सातव्या महिन्याची बसलेली असू शकते. दिवसाची मजुरी ठरवून आपण कोणाला कुठे पाठवतो आहोत, याचा विचार घरातल्या बाईने केला नाही तर पुष्कळदा कोणीच करत नाही.

तर मग गळती शोधायची कशी? टाकीत न उतरता, काठीने.

आधी टाकी चालते कशी ते थोडक्यात. तिचं खरं नाव सेप्टिक टँक. आपण सगळे सेफ्टी म्हणतो, आणि नावामुळेच की काय, ती आपली आपण सुरक्षित आहे असं समजतो! संडासातून आलेला मैला टाकीत पडतो. जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, हलका भाग सायीसारखा वर तरंगतो, आणि मधलं पाणी पलीकडच्या पाइपाने बाहेर पडून शोषखड्ड्यात जिरतं. हे पाणी दिसायला निवळ असलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं. म्हणजे चांगली टाकी नेहमी बाहेरच्या पाइपाच्या तळापर्यंत भरलेलीच असते. 'टाकी भरली' असं तुमचे यजमान म्हणतात, ती पहिल्या महिन्यातच भरलेली असते. भरतो तो गाळ. पाणी नेहमीच तिथवर असायला हवं.

हे कळलं की तपासणी सोपी आहे. सकाळच्या वेळी, मुलांना लांब ठेवून, बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या बाजूचा ढापा दोघा माणसांनी पहारीने सरकवावा. विडी, काडी, कंदील जवळपास नको. ढापा सरकवून अर्धा तास दूर जाऊन बसा. मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून, तोंड भोकावर न वाकवता, लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून ती आत सोडा आणि पाण्याची पातळी बघा. विजेरीचा उजेड लांबून टाका.

पाणी बाहेरच्या पाइपाच्या तळापेक्षा बरंच खाली दिसलं तर टाकी खरोखर गळते आहे. भिंतीतून किंवा तळातून पाणी जातं आहे. पाणी पाइपाच्या वर चढलेलं दिसलं तर गळती नाही, तुंबलं आहे. एकतर पाइपाचं तोंड चोंदलं आहे किंवा शोषखड्डा पाणी शोषेनासा झाला आहे, आणि ते पाणी ढाप्याच्या फटीतून, सांध्यांतून वर येऊन जमीन ओली करतं आहे. आणि पाणी बरोबर पाइपाच्या तळाशी असलं तर टाकीला बहुधा दोष नाही. मग संडासापासून टाकीपर्यंतचा पाइप तपासा, शोषखड्डा तपासा, न्हाणीचं पाणी तपासा, नळाची जमिनीखालची नळीही तपासा. न्हाणीची मोरी फुटलेली आणि शिक्षा टाकीला, असंही होतं.

पातळी खाली असेल तर खात्री करून घ्या. टाकी पाइपाच्या तळापर्यंत पाण्याने भरा, काठीवर खूण करा, ढापा लावा, आणि चोवीस तास तो संडास वापरू नका. नणंदबाईंना या एका दिवसापुरतं जावेच्या नाहीतर शेजारच्या घरी पाठवा, शेतात मात्र नको. दुसऱ्या दिवशी पातळी चार बोटं उतरलेली दिसली तर शंका उरत नाही, कारण झाकलेल्या टाकीतलं पाणी उन्हाने आटत नाही. कुठवर उतरून थांबते तेही बघा, कारण ती जागाच भेगेची असते. दोन-तीन दिवस रोज खूण केली आणि पातळी पाइपाच्या जोडाखाली थोडीशी जाऊन थांबली तर दोष जोडात. उतरतच राहिली तर तळात.

कोणी सांगेल, संडासात रंग ओता आणि बाहेर येतो का बघा. बाहेरच्या ओलीत रंग दिसला तर पुरावा पक्का. पण दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. आपली काळी चिकण माती रंग गिळून टाकते.

आता सोयगावच्या मातीविषयी. तुमचा तालुका अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला, घाटाखाली. जिल्ह्याच्या मोठ्या भागाचं पाणी गोदावरीला मिळतं, पण तुमच्याकडचं पाणी उत्तरेकडे तापीच्या खोऱ्यात जातं. सपाटीवर कपाशीची काळी जमीन, आणि तिच्या खाली मुरूम नि भेगाळलेला काळा खडक. जुन्या माणसांनी गाव पांढरीत वसवलं आणि काळी शेतीला ठेवली, त्यात शहाणपण होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि हा खेळ दरवर्षी चालतो. नवे प्लॉट पुष्कळदा काळीतच पडतात. तिच्यात खालचा मुरूम न गाठता, नुसत्या विटांची टाकी बांधली की चार-सहा वर्षांत ती तडकणारच. तुमची टाकी सहा वर्षांची आहे हे वाचून मला म्हणूनच नवल वाटलं नाही. दुसरं असं, की काळी माती पाणी लवकर जिरवत नाही, म्हणून शोषखड्डाही तुंबतो. पण तेच पाणी एकदा मुरूम ओलांडून खडकाच्या भेगेत शिरलं, की मातीत गाळलं न जाता सरळ विहिरीत उतरू शकतं. त्यामुळे अंगण कोरडं आणि विहीर घाण, असाही प्रकार घडतो.

बाकीची कारणं नेहमीची. कपाशीने भरलेली ट्रॉली टाकीवरून नेणं. टाकीला लागून शेवगा किंवा पिंपळ असणं. मुळं ओलाव्याचा माग काढत सांध्यात शिरतात. आणि एक कारण कोणी उघड बोलत नाही. पुष्कळ टाक्यांचा तळ मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, म्हणजे 'उपसायला लागत नाही'. मिस्त्री हे कौतुकाने सांगतो आणि आपणही खूश होतो. अशी टाकी गळत नाही, ती गळण्यासाठीच बांधलेली असते. तेव्हा पहिला प्रश्न घरच्यांना विचारा : तळाला काँक्रीट घातलं होतं का?

दुरुस्ती दोषावर अवलंबून आहे. जोडात गळत असेल तर नशीब चांगलं. पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंट गुळगुळीत पी.व्ही.सी.ला धरत नाही आणि फट राहते. आधी गाडी बोलावून पातळी जोडाच्या खाली आणायची, मग टाकीच्या बाहेरून जोडापर्यंत खणायचं. जोडाभोवतीचं जुनं सिमेंट काढायचं, पाइप पुसून कोरडा करून खरवडायचा, त्यावर सोल्युशन लावून वाळू भुरभुरायची, म्हणजे पाइप खरखरीत होतो. मग पाणी न झिरपणाऱ्या सिमेंटने भरायचं. दोन-तीन दिवस वाळू द्या, पुन्हा चोवीस तासांची पाण्याची परीक्षा घ्या, आणि उतरली तरच खड्डा बुजवा. मिस्त्रीला बुजवायची फार घाई असते. तुम्ही तिथे खुर्ची टाकून बसा.

तुंबलं असेल तर मैला उपसणारी सक्शनची गाडी बोलावून गाळ काढून घ्या आणि शोषखड्डा नवा करा. गाडीवाल्याला 'मैला कुठे रिकामा करणार?' हे पैसे देण्याआधी विचारा. तो गावाबाहेरच्या नाल्यात ओतत असेल तर आपली घाण फक्त दुसऱ्याच्या विहिरीकडे गेली. वाई आणि सिन्नर या गावांनी यासाठी मैलागाळावर प्रक्रिया करणारी केंद्रं उभारली, आणि तिथल्या टाक्या ठरलेल्या पाळीने उपसल्या जाऊ लागल्या. वाईत तीन वर्षांनी एकदा अशी पाळी आहे. घरोघरी गाडी आपणहून येते ही सोय केवढी! तुमच्या नगरपंचायतीत महिला सदस्य असतीलच. पुढच्या हळदीकुंकवाला हा विषय त्यांच्या कानावर घाला.

भिंत किंवा तळ फुटला असेल, किंवा तळच नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की जुन्या टाकीला ठिगळ लावत बसू नये. आतून प्लास्टर म्हणजे माणूस उतरणं आलं, आणि ओल्या, मैल्याने माखलेल्या विटेला प्लास्टर धड चिकटतही नाही. नवी टाकी करा. भारतीय मानकाप्रमाणे सेप्टिक टाकी कमीत कमी ७५ सेंटिमीटर रुंद, पाण्याची खोली एक मीटर आणि क्षमता हजार लिटर असावी लागते. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांबी आणि पाऊण मीटर रुंदी पुरते. माणसं दहा असतील तर दोन मीटर लांबी आणि ९० सेंटिमीटर रुंदी धरा. तळाला काँक्रीट मुरमावर घाला, काळीवर नको. हल्ली प्लास्टिकच्या तयार टाक्याही मिळतात. त्या घेतल्या तर खाली वाळूचा थर द्या आणि भोवती भरताना आतही पाणी भरत जा, नाहीतर बाहेरच्या दाबाने ती चेपते, किंवा पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वाढलं की रिकामी टाकी चक्क वर उचलली जाते. याच कारणाने कोणतीही टाकी ऐन पावसाळ्यात संपूर्ण उपसू नये. हे काम वैशाखात. जुनी टाकी गाडीने उपसून, चुना टाकून, वरूनच पहारीने तळ फोडून मुरमाने गच्च भरून टाका. रिकामी ठेवली तर एक दिवस कोणाची तरी शेळी आत जाईल, नाहीतर पोर.

आणि आता जी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही ती सांगते. टाकी कितीही उत्तम केली तरी तिच्यातून निघालेलं पाणी शोषखड्ड्यातच जाणार, आणि शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर हवा. तुमच्याकडे सगळं मिळून पंचवीस फूट. म्हणजे फक्त गळती बंद करून काकूंची विहीर सुरक्षित होत नाही. नव्या टाकीतून पक्क्या, न गळणाऱ्या पाइपाने पाणी प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला न्या आणि शोषखड्डा तिथे, विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला करा. तेवढी जागाच नसेल तर ती विहीर पिण्यासाठी वापरणं दोन्ही घरांनी कायमचं सोडावं आणि तिचं पाणी झाडांना, गोठ्याच्या सफाईला द्यावं. भांडी विसळायलासुद्धा नको. पैसे अंगावर येतील हे मला कळतं, म्हणून तर म्हणते, मिस्त्रीच्या एका दिवसाच्या प्लास्टरवर आधी खर्च करू नका.

काही वाचक दोन खड्ड्यांच्या संडासाचं विचारतात. आलटून पालटून वापरायचे दोन शोषखड्डे, भरलेल्याचं दोन वर्षांत सोनखत. पद्धत स्वस्त आणि फार चांगली. आपल्या महाराष्ट्राला या विषयाची परंपराही मोठी आहे. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोपे खताचे संडास करून दाखवले. देहूला १९५९ मध्ये सरकारी डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी मैल्यापासून चुलीचा गॅस देणारे संडास उभे केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण वहिनी, तुमच्या या जागेला, पंचवीस फुटांवर विहीर आणि खाली फाटका खडक असताना, जिरणारे खड्डे नकोतच.

रोजच्या वापराचं थोडं. पॅड, कपडा, बाळाचे डायपर, केसांचे गुंते संडासात टाकू नका. पॅड फुगून थेट बाहेरच्या 'टी'मध्ये अडकतात, आणि मग टाकी का तुंबली हे घरातल्या पुरुषांसमोर कोणी सांगत नाही. कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात टाका, मुलींनाही तसंच शिकवा. न्हाणीचं, स्वयंपाकघराचं पाणी टाकीत सोडू नका. ते परसातल्या केळी-अळूला द्या. ॲसिडच्या बाटल्या रोज ओतू नका, मैला कुजवणारे जंतू त्यात मरतात. आठवड्यातून एकदा ब्रश आणि थोडा साबण पुरतो. 'हे चूर्ण टाका, टाकी कधीच उपसावी लागणार नाही' असं सांगणाऱ्यांकडून काही घेऊ नका. शेण-गुळाचंही तेच. गाळ साठतोच, आणि दोन-तीन वर्षांनी तो काढावाच लागतो. वायूची नळी छपराच्या वर न्या आणि तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर टाकीतले डास घरात.

राहिला काकूंचा प्रश्न. पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींच्या मधे दिसतं की त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आजच सांगा. सासऱ्यांना आवडणार नाही. 'आपल्याच टाकीचं कशावरून?' असं ते म्हणतील, आणि तपासणी होईपर्यंत त्यांचं म्हणणं खोडताही येत नाही. तेवढ्यासाठी वादात पडू नका. काकूंना एवढंच म्हणा, 'आमच्या टाकीची शंका आहे, पाणी तपासायला देतेय, तोवर उकळूनच प्या.' बाटलीत नमुना भरायलाही त्यांनाच बरोबर न्या, म्हणजे पुढे जो निकाल येईल तो दोन्ही घरांचा असेल. काठीने पातळी बघून झाली की ती पाइपाच्या वर होती की खाली, आणि चोवीस तासांत किती बोटं उतरली, हे मला लिहा. त्यावरून टाकी करायची की शोषखड्डा, ते पुढच्या पत्रात नक्की सांगेन.